हत्ती गेले, प्यादी सारखी

नारायण पेठेतल्या आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या घटनेत जे लिहिलेले आहे ते कुणी वाचत नाही, आणि जे पाळले जाते ते कुठेही लिहिलेले नाही. पाळल्या जाणाऱ्या गोष्टींत सर्वांत पवित्र अशी एक प्रथा आहे. दोन्ही बाजूंचे हत्ती एकमेकांना मारून पटावरून उतरले आणि उरलेली प्यादी संख्येने सारखी असली, तर डाव बरोबरीत सुटला असे समजून खेळाडूंनी हात मिळवायचे आणि चहाला उठायचे. ‘हत्ती गेले, प्यादी सारखी’ एवढे कुणी म्हटले की पुढचा वाद असभ्यपणात जमा होतो. संस्थापकांना दिवेलागणीच्या आत घरी पोहोचायचे असे, यापलीकडे या प्रथेला शास्त्राधार नाही. पण पुण्यात प्रथेला आधार विचारत नाहीत. ती जुनी आहे, एवढा आधार तिला पुरतो.

मी या मंडळाची सभासद आहे, कारण माझे वडील सभासद होते. विद्यापीठात आयुष्यभर न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचे शास्त्र, शिकवले. तिथेही प्रथा पाहिल्या. त्यामुळे मंडळातल्या प्रथेकडे मी बरीच वर्षे एखाद्या जुन्या गैरसमजाकडे पाहावे तसे, अभ्यासकाच्या कुतूहलाने पाहत आले. कुतूहल ही सुरक्षित माणसांची चैन असते, हे मला आम्रपालीच्या डावाने शिकवले.

आम्रपाली ओव्हाळ विश्रांतवाडीची. तिचे वडील पोपटराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पट त्यांनीच शिकवला. गणितात पदवी घेऊन ती वाघोलीच्या एका गोदामात, येणाऱ्याजाणाऱ्या खोक्यांवर यंत्र फिरवून त्यांची नोंद करते. गेल्या वर्षी ती आमच्या वार्षिक स्पर्धेत पहिल्यांदा आली, तेव्हा रावसाहेबांनी, म्हणजे आमच्या निवाडा समितीच्या ज्येष्ठ सदस्यांनी, तिचे मनापासून कौतुक केले.

“छान खेळता हो. आडनाव वाचून कल्पना नव्हती आली.”

“आडनाव घरी ठेवून येते, सर,” ती म्हणाली. “इथं मीच खेळते.”

रावसाहेब हसले. त्यांना ते उत्तर विनोदी वाटले. त्या दिवशी ती जिंकत आलेला डाव शेवटी हरली आणि उठून न जाता पटाकडे बघत बसून राहिली. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाने तिला एकेक खेळी सुचवली. मी तेवढे केले नाही, म्हणून ती माझ्याकडे आली.

“मॅडम, खेळी नकोय मला. कुठला विचार चुकला ते सांगाल?”

असा प्रश्न विद्यापीठात मला वर्षानुवर्षे कुणी विचारला नव्हता. तेव्हापासून शनिवारी ती माझ्याकडे येऊ लागली आणि आम्ही फक्त डावाचे शेवट पाहू लागलो. पट रिकामा होत आला की जे उरते त्याचे शास्त्र. त्यात पहिला धडा मोकळ्या प्याद्याचा असतो. ज्याच्या समोर आणि दोन्ही शेजारच्या पट्ट्यांत प्रतिपक्षाचे एकही प्यादे उरलेले नाही ते मोकळे प्यादे. त्याची वाट प्यादे अडवू शकत नाही, मोहऱ्यालाच अडवावी लागते. आणि असे प्यादे पटाच्या कडेला, बाकीच्या प्याद्यांपासून दूर असेल, तर ते प्रतिपक्षाच्या राजाला घरापासून ओढून नेते.

“मग हत्ती मारायचे केव्हा?” तिने एकदा विचारले. “पुस्तकात एकदा म्हणतात मारा, एकदा म्हणतात ठेवा.”

“हत्ती गेल्यावर त्या प्याद्याला अडवणारं कोण उरतं, एवढंच विचारायचं. हत्ती असताना त्याला हत्ती अडवतो, दुरून, आरामात. हत्ती गेला की ते काम राजावर येतं. आणि राजा एकच असतो.”

ती म्हणाली, “म्हणजे पुढे असलेल्यानं मारामारी मागायची आणि मागे असलेल्यानं टाळायची.”

“हो. पण आमच्या मंडळात हत्ती गेले की लोक उठतात, हेही लक्षात ठेव.”

“का उठतात?”

“चहा थंड होतो.”

यंदाच्या स्पर्धेत ती अंतिम डावापर्यंत आली. समोर केदार होता: मंडळाचे अध्यक्ष श्यामसुंदरराव यांचा भाचा, हिंजवडीत नोकरी, हुशार, सभ्य आणि मागची दोन वर्षे विजेता. सलग तिसऱ्या वर्षी जिंकणाऱ्याला करंडक कायमचा घरी न्यायला मिळतो, अशी आणखी एक प्रथा आहे. केदार अर्ध्या गुणाने पुढे होता. बरोबरी झाली तर करंडक त्याचा. आम्रपालीला जिंकणेच आवश्यक होते.

करंडकाशी तिला काही देणेघेणे नव्हते. लोणी काळभोरच्या एका शाळेत बुद्धिबळाच्या शिक्षकाची जागा निघाली होती, कायम आणि पूर्ण वेळेची. मुख्याध्यापकांनी तिचा नमुना तास पाहिला होता आणि त्यांना तो आवडला होता. अडचण एकच होती. संस्थेची अट अशी, की उमेदवार नोंदणीकृत मंडळाच्या स्पर्धेचा विजेता असावा. विजेता, उपविजेता नव्हे. मुलाखत सोमवारी होती. रविवारचा डाव जिंकला तर गोदाम सुटणार होते.

तो डाव मी पाहिला. पाहणाऱ्याने बोलायचे नसते, चेहराही हलवायचा नसतो. माझ्या पेशात मौनाची सवय कुणाला नसते, तरी मी ते पाळले. दुपार उतरता उतरता पटावर दोघांचा एकेक हत्ती आणि चार चार प्यादी राहिली. उजवीकडे आम्रपालीची तीन पांढरी प्यादी केदारच्या काळ्यांना डोकी भिडवून उभी होती. कुणालाच पुढे सरकता येत नव्हते. तिचे चौथे प्यादे एकटे डाव्या कडेला होते, पूर्ण मोकळे. केदारचे चौथे प्यादे पटाच्या मध्यात होते, तिच्या राजाने अडवलेले, आणि त्याच्या राखणीवर केदारचा राजा. केदारने आपला हत्ती तिच्या मोकळ्या प्याद्याच्या पाठीमागे नेऊन बसवला होता. जागा अचूक होती. हत्ती तिथे होता तोवर प्याद्याला एक पाऊल टाकायचे तरी विचार करावा लागत होता.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक देखणी. तिचा हत्ती पटाच्या वरच्या टोकाला होता. तिथून काळ्या राजाला शहामागून शह देत राहायचे. पाहणाऱ्यांना त्यात जोर दिसतो, पण त्यातून निष्पन्न काही होत नाही. दुसरी वाट अशी, की हत्ती खाली आणून केदारच्या हत्तीच्या रांगेत, आपल्या राजाच्या शेजारी ठेवायचा आणि म्हणायचे, मार. त्याने मारले तर तिचा राजा परत मारतो आणि हत्ती संपतात. त्याने टाळले तर तिचा हत्ती आपल्या प्याद्यामागे जाऊन उभा राहतो.

तिने हत्ती उचलला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग दाराकडे. दारात दोन माणसे पांढरी खोळ घातलेल्या खुर्च्या घेऊन उभी होती. संध्याकाळी सभागृह एका साखरपुड्याला दिले होते आणि मंडळी वेळेआधीच आली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. हत्ती खाली आणून ठेवला.

केदारनेही दाराकडे पाहिले. मग हत्तीने हत्ती मारला, जरा घाईने. तिने राजाने परत मारला.

“हत्ती गेले,” मागून कुणीतरी समाधानाने म्हणाले.

त्याच क्षणी आमचे चिटणीस माधव पुढे आले आणि दोन्ही घड्याळे थांबवली. “क्षमस्व. सभागृह रिकामं करायचंय. उरलेला डाव निवाड्याला.”

“माझा वेळ शिल्लक आहे,” आम्रपाली म्हणाली. “ह्यांचाही आहे.”

“वेळ तुमचा शिल्लक आहे हो. सभागृहाचा नाही.”

“मग बाहेर व्हरांड्यात खेळतो. दहाएक खेळ्यांचं काम आहे.”

“व्हरांड्यात चपला असतात,” माधव म्हणाले, आणि हा मुद्दा त्यांना निर्णायक वाटला.

घटनेत निवाड्याची तरतूद खरोखर आहे: अपुरा राहिलेला डाव तीन जणांची समिती ठरवते. समितीत श्यामसुंदरराव, रावसाहेब आणि मी. एका चुकीच्या प्रथेच्या तोंडी सापडलेला डाव निदान आपल्या हाती आला आहे, असे मला तेव्हा वाटले. पट जसाच्या तसा उचलून मागच्या कार्यालयात नेला. दार लावून घेताना श्यामसुंदरराव थबकले.

“सुनीतीताई, एक नाजूक बाब आहे. त्या मुलीला आपण शिकवता ना?”

“शिकवते.”

“मग आपण समितीत बसणं बरं दिसणार नाही. हितसंबंध येतो.”

“आणि आपण केदारचे मामा आहात.”

“तो नातेसंबंध झाला,” श्यामसुंदरराव शांतपणे म्हणाले. “नातं माणूस निवडत नाही. शिष्य निवडतो.”

भेद काटेकोर होता. अध्यापनाच्या काळात मी अशा भेदाला पूर्ण गुण दिले असते. माझ्या जागी माधवांची नियुक्ती झाली. मला मात्र ‘जाणकार’ म्हणून, मताचा अधिकार नसलेल्या खुर्चीवर बसण्याची परवानगी मिळाली. आम्रपाली आणि केदार यांना बाहेर थांबवले.

मी समजावून सांगितले. प्यादे पुढे सरकेल. ते थांबवायला काळ्या राजाला डाव्या कडेला जावे लागेल, कारण आता हत्ती नाही. राजा तिकडे गेला की मध्यातले प्यादे अनाथ होते. पांढरा राजा ते खातो, मग उजवीकडची एकेक खातो, आणि मग पांढऱ्याचा वजीर होणे कुणी थांबवू शकत नाही. काळा राजा गेलाच नाही तर डावीकडचे प्यादेच वजीर होते. तिसरी शक्यता पटावर नाही.

हात पुढे करून मी प्यादे सरकवू लागले, तर माधवांनी माझ्या बोटांवर अलगद हात ठेवला.

“मांडणी हलवू नका ताई. निवाडा मांडणीचा करायचा असतो.”

“मांडणीत काय आहे ते दाखवतेय.”

“मांडणीत आहे ते दिसतंच आहे. चार आणि चार.”

“शिवाय हत्ती गेलेले,” रावसाहेब म्हणाले.

“रावसाहेब, चार प्यादी सारखी नाहीत. त्यांची चार अडकलेली आहेत, हिची तीन अडकलेली आहेत आणि एक मोकळं आहे.”

“मोकळं असलं तरी प्यादंच ना?” श्यामसुंदरराव म्हणाले. “एकाचं प्यादं मोठं, दुसऱ्याचं लहान असं मंडळानं कधी मानलं नाही. आपल्याकडे सगळी सारखी.”

समतेचे इतके निर्मळ प्रतिपादन त्या कार्यालयाने यापूर्वी ऐकले नसेल. समोरच्या भिंतीवर सगळ्या माजी अध्यक्षांची छायाचित्रे होती आणि सगळी एकाच परिवाराची वाटावी इतकी सारखी होती.

मी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. केदारकडून हा डाव कसा वाचेल ते समितीने सांगावे. एक वाट सांगितली तरी मी गप्प बसेन. वाट कुणी सांगितली नाही. त्याऐवजी रावसाहेबांनी तत्त्व सांगितले.

“पुढचं कोण सांगणार ताई? माणूस चुकतो. त्या मुलीनं चूक केली तर?”

“म्हणजे निवाडा डावाचा करायचा, की तिच्या चुकण्याचा?”

“अनुभवाचा करायचा. गेल्या वर्षी जिंकलेला डाव हरली होती, पाहिलंय मी.”

“केदारही चुकू शकतो.”

“तो इथं लहानाचा मोठा झालाय.”

आमच्या शास्त्रात ज्ञानाची साधने क्रमाने सांगतात. डोळ्यांना दिसते ते प्रत्यक्ष, आणि दिसते त्यावरून न दिसणाऱ्याचा निश्चय करतो ते अनुमान. डोंगरावर धूर दिसला की तिथे जाळ आहे, हे पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मान्य करावे लागते. माझ्यासमोर तीन सुशिक्षित, निवृत्तिवेतनधारक गृहस्थ बसले होते. धूर त्यांना दिसत होता. जाळाजवळ जाऊ द्यायला ते तयार नव्हते, आणि जाळ कुणी पाहिला आहे असे विचारत होते.

“फोनवर बघू,” मी शेवटी म्हणाले. स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला लाज वाटली, पण म्हणाले. “बुद्धिबळाचं कुठलंही यंत्र एका क्षणात सांगेल.”

“सभागृहात फोनला बंदी आहे,” माधव म्हणाले. “आपणच तो ठराव मांडला होता.”

ठराव मीच मांडला होता, हे खरे. खेळ चालू असताना नक्कल होऊ नये म्हणून. खेळ चालू नव्हता, हे मी सांगितले. डाव निकाली निघेपर्यंत तो चालूच मानायचा, असे माधवांनी सांगितले. मग डाव चालू आहे तर खेळू द्या, असे मी म्हणाले. सभागृह रिकामे करायचे आहे, असे त्यांनी सांगितले. तर्कशास्त्रात या आकृतीला चक्रक म्हणतात आणि तो दोष समजतात. समित्यांत त्याला कामकाज म्हणतात.

एकच मार्ग उरला होता. निवाड्याआधी खेळाडूने स्वतः डाव सोडला तर समितीचे काम उरत नाही. मी बाहेर आले. साखरपुड्याची मंडळी खुर्च्या लावत होती, कुणीतरी कमानीला झेंडू बांधत होते. आम्रपाली कोपऱ्यात आपल्या पिशवीवर हात ठेवून उभी होती. केदार खिडकीशी होता.

“केदार, तुला कळतंय डाव काय आहे ते.”

“ताई, मी निवाड्याच्या बाहेर आहे. मी काही बोलणं म्हणजे इन्फ्लुएन्स करणं होईल.”

“मला उत्तर दे. काळी घेऊन आत्ता माझ्याशी खेळशील?”

त्याने ओठ दाबले. हसला; त्याचे हसणे चांगले होते, नेहमीसारखे. “ऑनेस्टली? नाही खेळणार. हरलेला आहे.”

“मग हत्ती का मारलास?”

“हत्ती ठेवला असता तरी त्रासच होता. आणि…” त्याने खुर्च्यांकडे मान वळवली. “खुर्च्या आल्या होत्या ना.”

“आत येऊन एवढंच सांग. हरलोय म्हण.”

“मामांसमोर? ताई, ते तिथं माझ्यासाठी भांडतायत, आणि मी जाऊन म्हणू की मी हरलोय? वाईट वाटेल त्यांना.”

“आणि तिला काय वाटेल?”

“ती छान खेळलीय, मी सगळ्यांना सांगणार आहे. टेक्निकली मी काहीच चुकीचं करत नाहीये ना?”

तांत्रिकदृष्ट्या तो काहीच चुकीचे करत नव्हता. हीच तर अडचण होती. मला सुचलेल्या शब्दांपैकी एकाचाही त्याच्यावर परिणाम होणार नाही हे दिसत होते. तेवढ्यात कार्यालयाचे दार उघडले.

निवाडा एकमताने झाला: बरोबरी. श्यामसुंदररावांनी तो स्वतः सांगितला, उभे राहून, आम्रपालीला ‘आपण’ म्हणत. “आपण इतक्या लांबून येता, इतकं सुंदर खेळता. मंडळाला अभिमान आहे. पुढच्या वर्षी नक्की या.”

“सर, कारण कळेल का?”

“हत्ती गेले, प्यादी सारखी.”

“प्रथा माहीत होती मला. डावाचं कारण विचारतेय.”

माधवांना बहुधा तिचे वाईट वाटले. ते खरोखर मवाळ गृहस्थ आहेत. ते तिच्याजवळ आले आणि वडीलधाऱ्या आवाजात म्हणाले, “एक सांगू का? तुम्हीच हत्ती मारायला दिलात. ते राहिले असते, तुमचे शह चालू असते, तर आम्ही बहुधा तुम्हालाच दिलं असतं. जोर होता तुमचा. हत्ती गेल्यावर जोर कुठं उरला?”

मला एखादी गोष्ट फेकून मारावीशी वाटली. हाताशी फक्त झेंडूची टोपली होती. चुकीची खेळी केली असती तर तिला जिंकवले असते, बरोबर खेळी केली म्हणून जिंकू दिले नाही, हे विधान इतक्या कळवळ्याने केले गेले होते, की त्याचा निषेध करणे म्हणजे कळवळ्याचाच निषेध करणे ठरले असते.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, “घड्याळ पाहिलं होतंस तू.”

“हो. खुर्च्यापण पाहिल्या.”

“मग?”

“मग काय मॅडम? दुसरी खेळी चूक होती.”

तिने हेल्मेट चढवले. “सोमवारी येताय ना लोणीला? एकटीनं बोलायचा कंटाळा आलाय.”

सोमवारी मी गेले. माझा समज असा होता, की त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी डाव समजावून सांगेन आणि माझ्या नावापुढच्या पदव्यांचा एकदा तरी काही उपयोग होईल. शाळा सोलापूर रस्त्यापासून आत, उसाच्या रानांना लागून होती. मुख्याध्यापक कोंडीराम काळभोर मोठे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हांला बसवले, पाणी दिले, माधवांनी रविवारीच दिलेले मंडळाचे पत्र वाचले आणि पुन्हा वाचले.

“उपविजेती हाय म्हणता.”

“कागदावर,” मी म्हणाले, आणि त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या, खोडरबर आणि शाईचा शिक्का घेऊन मांडणी मांडली. सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि मग जाड बोट टेबलावर ठेवले.

“म्हंजे राजा एक आन् राखायचे बांध दोन. हिकडचा बांध धरायला गेला की तिकडनं गुरं शिरली.”

“अगदी बरोबर.”

“मग बरोबरी कशी दिली?”

“मोजून,” आम्रपाली म्हणाली.

काळभोर सरांनी मांडणीवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. मला वाटले, संपले. ज्याला कळायला हवे त्याला कळले. आयुष्यभर मी याच समजुतीवर जगले होते. एखादी गोष्ट सिद्ध झाली आणि समोरच्याला ती कळली, की उरलेले आपोआप होते.

“कळलं बाई,” ते म्हणाले. “हिनं जिंकलेला डाव हाय. लहान पोराला पण कळंल. पण फायलीत काय लावू? संस्थेचे लोक टाचण्या बघणार न्हाईत, पत्र बघणार. पत्रात बरोबरी हाय.” त्यांनी कपाळावर हात फिरवला. “दुसरा एक उमेदवार हाय, त्याच्याकडं कसलं तरी विजेतेपद हाय. शाळेची स्पर्धा असंल, बँकेची असंल, पण विजेता हाय. मला त्याला घ्यावं लागंल. मला हीच पाहिजे होती, खरं सांगतो. हिचा तास बघितलाय मी.”

“आपण संस्थेला लिहू शकता,” मी म्हणाले.

“लिहीन की. लिहितो. पण जागा ह्याच महिन्यात भरायची हाय.” मग तिच्याकडे वळून, अपराध्यासारखे: “पुढच्या वर्षी जिंकून ये, पोरी. जागा भरलेली असंल तवा, पर बघू.”

तिने टाचण्या गोळा करून डबीत भरल्या, खोडरबर होते तिथे ठेवले, शिक्का त्याच्या पेटीत ठेवला. “चालतं सर,” म्हणाली. कोणत्याही क्षणी तिचा आवाज चढला असता तर मला बरे वाटले असते.

तिची गाडी वडिलांनी नेली होती, म्हणून आम्ही बसने परतलो. दुपारची पाळी गाठायला तिला हडपसरला उतरून वाघोलीची गाडी धरायची होती. गर्दी नव्हती, आम्हांला शेजारी जागा मिळाली. ती खिडकीबाहेर पाहत होती. मंडळाला मी कसे पत्र लिहिणार, राज्य संघटनेकडे कशी दाद मागणार, ते मी सांगत होते. वाक्ये व्यवस्थित येत होती, उद्देश्य, विधेय, हेतू, उदाहरण. ती ऐकत होती की नाही, ठाऊक नाही.

मांजरीच्या पुढे तिने मध्येच विचारले, “मॅडम, त्या डावात खरंच काही शंका नव्हती ना?”

“कसली शंका?”

“म्हणजे केदारला एखादी खेळी होती का? तिघंही बरोबरी म्हणाले. तिघं चाळीस चाळीस वर्षं खेळतायत. मी रात्री मांडून बघितलं. जिंकतंच होतं प्रत्येक वेळी. पण मीच मांडत होते ना दोन्ही बाजू.”

“काही शंका नव्हती. केदार स्वतः म्हणाला, हरलेला आहे म्हणून.”

“तुमच्यासमोर म्हणाला.”

“माझ्यासमोर म्हणाला.”

बस थांबली, माणसे चढली. तिने पिशवी मांडीवर घेतली, पट्टा मनगटाला गुंडाळला.

“पण प्यादं जरा लांब होतं, नाही? अजून एक घर पुढं असतं तर…”

मी तिला सगळी वाट पुन्हा सांगितली, पायरी पायरीने. काळा राजा इकडे गेला तर असे, न गेला तर तसे; तिसरे नाही. आयुष्यात इतके निर्दोष अनुमान मी दुसरे केले नसेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि घरातल्या कुणी मोठ्या माणसाने समजूत घातली की आपण जशी मान हलवतो, तशी मान हलवली.

“हो मॅडम,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार.”

हडपसर आले. ती उतरली.